डेबियनवर पीएचपीमायअ‍ॅडमिन: पॅकेजला किती करू द्यायचं?

जुन्या लॅपटॉपवरच्या डेबियन १२ सर्व्हरचं काम आता पीएचपीमायअ‍ॅडमिनपर्यंत आलंय, म्हणजे ब्राउझरमधून डेटाबेस सांभाळायच्या साधनापर्यंत. वेब सर्व्हर अपाचे आणि डेटाबेस मारियाडीबी आधीपासून चालू आहेत. या पॅकेजच्या इन्स्टॉलमध्ये एक प्रश्न येतो: कोणता वेब सर्व्हर आपोआप कॉन्फिगर करू? पर्याय दोनच, अपाचे२ आणि लाइटटीपीडी. मी अपाचेला होकार दिला आणि मग ईटीसी या सेटिंग्जच्या फोल्डरमध्ये जाऊन त्याने काय काय केलं ते बघितलं.

आधी हा प्रश्न ज्या निळ्या पडद्यावर येतो त्याबद्दल, कारण बरीच नवी मंडळी तिथेच अडकतात. कर्सर अपाचे२ वर असतो, नाव उठून दिसतं, म्हणून एंटर दाबला जातो. पण निवड होते स्पेसबारने. कंसात तारा उमटला तरच पॅकेज अपाचेला हात लावतं. तारा नसेल तर इन्स्टॉल बिनबोभाट पूर्ण होतं आणि ब्राउझरमध्ये ४०४ (पान सापडलं नाही) दिसतो. अशा वेळी पॅकेज काढून परत टाकायची गरज नाही. डीपीकेजी-रीकॉन्फिगर चालवलं की तेच प्रश्न पुन्हा विचारले जातात.

तारा उमटला की होतं ते एवढंच: पॅकेजच्या अपाचे.कॉन्फ फाइलची सिमलिंक (मूळ फाइलकडे नेणारा दुवा) कॉन्फ-अव्हेलेबलमध्ये येते, ए२एनकॉन्फ ती कॉन्फ-एनेबल्डमध्ये जोडतं आणि अपाचे रीलोड होतो. मुख्य अपाचे२.कॉन्फ जशीच्या तशी राहते. केलेलं सगळं डोळ्यांना दिसतं आणि ए२डिसकॉन्फने एका ओळीत मागे घेता येतं, म्हणून इथे ऑटोमॅटिकच घ्यावं असं माझं मत आहे. डेटाबेसचा पासवर्ड विचारला की तोही रिकामा सोडा, पॅकेज स्वतः रँडम पासवर्ड बनवतं. तो पीएचपीमायअ‍ॅडमिनच्या अंतर्गत वापरासाठी असतो, आपल्या लॉगिनचा नव्हे.

खरी गंमत अपग्रेडच्या वेळी कळते. पॅकेजने दिलेली कॉन्फिग फाइल आपण बदलली आहे का, हे डीपीकेजी (डेबियनचं पॅकेज बसवणारं साधन) चेकसमवरून, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून काढलेल्या आकड्यावरून, ओळखतं. बदलली नसेल तर नवी फाइल गुपचूप बसते. आपणही बदलली आणि नव्या आवृत्तीतही बदल असेल, तर काम थांबवून विचारतं: तुमची ठेवू की माझी? नुसता एंटर दाबला तर आपली राहते, आणि डी दाबला तर दोन्हींतला फरक दिसतो. तो फरक वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका, हे मी कळकळीने सांगतो.

म्हणून माझे बदल मी पॅकेजच्या फाइलमध्ये करतच नाही. पीएचपीमायअ‍ॅडमिन फक्त घरच्या नेटवर्कवरून उघडावं यासाठी कॉन्फ-अव्हेलेबलमध्ये वेगळी फाइल केली, त्यात युएसआर-शेअरमधल्या त्याच्या फोल्डरसाठी रिक्वायर आयपीची (ठरावीक आयपी पत्त्यांनाच परवानगी देणारी) ओळ टाकली आणि ती फाइल ए२एनकॉन्फने जोडली. फाइलचं नाव झेडझेडने सुरू केलंय, कारण अपाचे या फाइली वर्णक्रमाने वाचतो आणि माझा नियम शेवटी लागायला हवा. कॉन्फिगटेस्टने सिंटॅक्स ओके म्हटलं, रीलोड केलं. मोबाइल डेटावरून ४०३ (परवानगी नाही), घरच्या वायफायवरून लॉगिनचं पान.

दुसऱ्या मशीनवर एनजिन्क्स हा वेगळा वेब सर्व्हर आहे. निळ्या पडद्यावर त्याचं नावच नाही, तेव्हा लोकेशन ब्लॉक हाताने लिहिला. तिथे एफपीएमच्या (पीएचपी चालवणारी सेवा) सॉकेटकडे, म्हणजे एनजिन्क्स तिच्याशी ज्यातून बोलतो त्या फाइलकडे, लक्ष द्या. बहुतेक जण पीएचपी ८.२ नाव असलेला सॉकेट लिहितात. डेबियन १३ मध्ये पीएचपी ८.४ आहे, त्यामुळे अपग्रेडनंतर जुना सॉकेट गेला की ५०२ (मागच्या सेवेकडून उत्तर नाही) ठरलेला. रन-पीएचपी फोल्डरमध्ये आवृत्तीचा आकडा नसलेला पीएचपी-एफपीएम.सॉक असतो, मी तोच दिलाय.

पुढचं काम सर्टबॉटचं, म्हणजे एचटीटीपीएसचं सर्टिफिकेट आणणाऱ्या साधनाचं. एनजिन्क्सवर त्याचे सर्टओन्ली आणि वेबरूट हे पर्याय वापरणार आहे, म्हणजे सर्टिफिकेट तो आणेल आणि सर्व्हर ब्लॉक माझ्याच हातात राहील. अपाचेवर मात्र त्याच्या प्लगिनलाच करू देईन.