एका नमुन्यावरून अख्खा माल कसा नाकारता?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहीत आहे. बंदरात उतरणाऱ्या खाद्यमालाची तपासणी करण्यात माझी वीस वर्षे गेली. या काळात आयातदारांनी, त्यांच्या एजंटांनी, नातेवाइकांनी आणि एकदा माझ्या मुलीनेही मला हाच प्रश्न विचारला आहे : शेकडो पोत्यांतून चार मुठी उचलून तुम्ही अख्खा कंटेनर नापास कसा करता? मी दर वेळी दोन वाक्यांत उत्तर दिले आणि दर वेळी समोरच्याला ते पटले नाही, हे मला दिसत होते.

चार मुठी हा शब्द मला लागतो, हे आधीच सांगून टाकते. शेंगदाण्यांतील अफ्लाटॉक्सिन हे विष तपासायचे असेल तर कोडेक्सच्या, म्हणजे अन्नाचे आंतरराष्ट्रीय निकष ठरवणाऱ्या संस्थेच्या, पद्धतीप्रमाणे 20 किलोचा नमुना घ्यावा लागतो, आणि तो दाराजवळच्या दोन पोत्यांतून काढून चालत नाही. पोती खाली उतरवून, मालाच्या वेगवेगळ्या भागांतून थोडे थोडे दाणे काढत तो गोळा करायचा असतो. मग तो सगळा दळून एकजीव करायचा आणि त्यातला लहानसा भाग चाचणीला घ्यायचा. हे काम उन्हात, धुळीत आणि माल सोडवून घेण्यासाठी ताटकळलेल्या माणसांच्या नजरेसमोर चालते.

इतका खटाटोप करण्याचे कारण त्या विषाच्या स्वभावात आहे. अफ्लाटॉक्सिन ही बुरशीची देणगी. ते दिसत नाही, त्याला चव नाही, आणि दाणे भाजले तरी ते पूर्णपणे जात नाही. 1960 साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले, तेव्हा शोध घेता घेता त्यांच्या खाद्यातील शेंगदाण्याच्या पेंडीपाशी येऊन माग थांबला, आणि त्यातून हे विष माणसाला प्रथम कळले. 2004 साली केनियात बुरशी लागलेला मका खाऊन 317 माणसे आजारी पडली आणि त्यांतील 125 दगावली. थोडे थोडे विष वर्षानुवर्षे पोटात गेले तर यकृताचा कर्करोग होतो. म्हणून प्रक्रियेसाठी जाणाऱ्या शेंगदाण्यांना कोडेक्सने किलोमागे 15 मायक्रोग्रॅमची मर्यादा घातली आहे, आणि मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग.

आता खरी अडचण. हे विष मालात सारखे पसरलेले नसते. हजारो दाणे स्वच्छ असतात आणि एखादाच दाणा विषाने भरलेला असतो. एका ग्रॅमला एक मिलिग्रॅम, इतके विष एकेकट्या दाण्यांत सापडल्याची नोंद आहे. असा अर्ध्या ग्रॅमचा एकच दाणा 20 किलोच्या नमुन्यात आला, तर बाकीचे सगळे दाणे निर्मळ असूनही अहवालात 25 हा आकडा येतो आणि माल नापास होतो. तो दाणा शेजारच्या पोत्यात राहिला, तर तोच माल पास होतो. प्रयोगशाळेने कितीही काटेकोर काम केले तरी हा फरक मिटत नाही, कारण तो नमुना काढतानाच ठरून गेलेला असतो.

हे मला नोकरीच्या पहिल्या वर्षापासून पुस्तकातून ठाऊक होते. पण ते एका माणसासमोर सांगायची वेळ आली तेव्हा मी सांगितले नाही, आणि त्याचीच गोष्ट मला इथे लिहायची आहे.

एका आयातदाराचा तो पहिलाच कंटेनर होता. कागदपत्रे चोख होती. माल निघाला त्या बंदरावरच्या प्रयोगशाळेचा दाखला किलोमागे 4 मायक्रोग्रॅम असा होता. सीलचा क्रमांक कागदाशी जुळला, सील तोडले, दार उघडले आणि आतून कोंदट, ओलसर वाफ अंगावर आली. छताच्या पत्र्यावर पाण्याचे थेंब लोंबत होते. उष्ण प्रदेशातून निघालेला कंटेनर थंड समुद्रावरून आला की आतली दमट हवा पत्र्याला लागून पाणी होते आणि मालावर ठिबकते. वरच्या थरातील पोत्यांवर तळहाताएवढे तपकिरी डाग पडले होते. ते पाहताच माझ्या मनात या मालाचा निकाल लागला होता, हे मी तेव्हा कबूल केले नसते, आज करते. नमुना मात्र मी नियमाप्रमाणेच काढला. डागाळलेल्या पोत्यांतून जास्त दाणे घेतले नाहीत. निदान आजवर मी तसे मानत आले आहे.

अहवाल आला 23. राखून ठेवलेला भाग दुसऱ्या प्रयोगशाळेत पाठवला, तिथे 22. म्हणजे चाचणी बरोबर होती. आयातदाराने वरिष्ठांकडे अर्ज केला आणि आपल्या खर्चाने नव्याने नमुना काढून घेतला. तोही मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत गेला, आणि तिथून आकडा आला 6.

तोवर तीन आठवडे झाले होते आणि कंटेनरचे भाडे रोज चढत होते. ते गृहस्थ रोज सकाळी येऊन कार्यालयाबाहेरच्या बाकावर बसायचे. आरडाओरडा नाही, ओळखी सांगणे नाही, पाकीट पुढे करणे नाही. शेवटच्या दिवशी दोन्ही अहवाल माझ्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवून ते म्हणाले, “मॅडम, दोन्ही कागद तुम्ही मानलेल्या प्रयोगशाळांचे आहेत. यातला मी कुठला फाडू?”

मी म्हणाले, “नियमात बसत नाही,” आणि सही केली.

तो निर्णय चुकीचा होता, असे मी आजही म्हणणार नाही. समजा, एखाद्या वाईट मालाला एका नमुन्यात पास होण्याची निम्मी शक्यता आहे. पुन्हा एक संधी दिली, की ती तीन चतुर्थांश होते. तिसरी दिली, की आठांपैकी सात वेळा तो माल बाहेर पडतो. मनासारखा आकडा येईपर्यंत नमुने काढू दिले, तर तपासणी करण्यात अर्थ उरत नाही, आणि ज्याच्या खिशात जास्त नमुन्यांचे पैसे आहेत त्याचाच माल सुटतो. चांगला माल नाकारला गेला तर ती विक्रेत्याची जोखीम, वाईट माल सुटला तर ती खाणाऱ्याची. एक कमी करायला जावे तर दुसरी वाढते. माझे पद खाणाऱ्याच्या बाजूने उभे राहण्यासाठी आहे, आणि तो खाणारा माझ्या बाकावर कधी येऊन बसत नाही.

पण हे सगळे मला त्यांना सांगता आले असते. दहा मिनिटांचे काम होते. दोन्ही कागद खरे आहेत, त्यांतला कुठलाही फाडू नका, दोन मुठींत वेगवेगळे दाणे आले एवढेच, असे म्हणता आले असते. मी ते म्हटले नाही, कारण दोन्ही खरे आहेत असे तोंडाने कबूल केल्यावर सही करताना माझा हात अडखळेल, अशी मला भीती वाटली.

आणखी एक गोष्ट. रंगावरून आणि जखमेवरून खराब दाणे निवडून काढले, तर मालातील अफ्लाटॉक्सिन बरेच कमी होते. अशी निवड करून पुन्हा तपासण्याची वाट नियमांत होती. वरिष्ठांच्या मंजुरीसाठी मला एक टिपण लिहावे लागले असते. त्या आठवड्यात दोन जहाजे आली होती, त्यांच्या स्वच्छता प्रमाणपत्रांची सहा महिन्यांची मुदत संपत आली होती, मुदपाकखाने आणि पाण्याच्या टाक्या पाहायच्या होत्या. ही कारणे खरी आहेत. टिपण लिहायला अर्धा तास लागला असता, हेही खरे आहे.

माल नष्ट करताना मला हजर राहावे लागले. कामगार पाते मारून पोती फाडत होते आणि दाणे भट्टीच्या तोंडाशी ओतले जात होते. मी त्यातला एक दाणा उचलला. सालीचा गुलाबी रंग शाबूत, कुठे सुरकुती नाही, डाग नाही. तो बहुधा स्वच्छच होता, आणि त्याच्याबरोबर जळणारे बाकीचेही बहुतेक स्वच्छच होते. ते गृहस्थ त्या दिवशी आले नाहीत. त्यांच्या नावाचा माल पुन्हा कधी माझ्या बंदरात उतरला नाही.

तेव्हापासून नापासाचा अहवाल देताना मी त्या एका दाण्याचे गणित कागदावर मांडून दाखवते. काही जण ऐकतात, काही मध्येच उठून जातात. निवडीचे टिपण आता मी आपणहून लिहिते; त्यातून काही माल सुटतो, आणि तो सुटला की रात्री मला दुसरीच काळजी लागते. ती जुनी फाइल गेल्या वर्षी एका कामासाठी कपाटातून काढावी लागली. दोन्ही अहवाल एकाखाली एक टाचलेले आहेत. 23 चा मी वर लावला होता. तो तसाच आहे.