तिसरा हॉर्न अखेर वाजला

मंडळी, काल रात्री सव्वानऊला भीमाचा, म्हणजे माझ्या २०१२ च्या फोर्ड एफ-१५० पिकअपचा, तिसरा हॉर्न वाजला, आणि मिनिटभरात चौथाही! डॅशबोर्डवरचा, टायरच्या हवेबद्दल सांगणारा, घोड्याच्या नालाच्या आकाराचा पिवळा दिवा अकरा दिवसांनी विझला. "चाकं बदलली की फोटो टाकतो" असं लिहून मी गायब झालो होतो, त्याचं कारण हा दिवा.

१७ इंची स्टीलच्या रिम्स आणि स्नो टायर्स यांबद्दल मागे लिहिलंच आहे. त्यात टायरमधला हवेचा दाब गाडीला कळवणारे चार नवे सेन्सर घातले होते, ऑनलाइन मागवलेले, स्वस्तातले. उन्हाळी चाकं गॅरेजच्या उजव्या भिंतीला रचली. चाकं चढवायला तास लागला, नट १५० फूट-पाउंडला आवळले, शंभर मैलांच्या आत पुन्हा तपासले. इथवर सगळं सुरळीत.

मग शिकवणी, म्हणजे नव्या सेन्सरची गाडीला ओळख करून देणं. २०१२ च्या एफ-१५० चा मंत्र तुम्हाला पाठ असेलच: चावी बंद, ब्रेक दाबून सोडा, चावी तीनदा बंद-चालू, पुन्हा ब्रेक, चावी बंद, पुन्हा तीनदा. हॉर्न वाजला की गाडी ऐकायला तयार. डावं पुढचं, उजवं पुढचं, उजवं मागचं, डावं मागचं, याच क्रमाने प्रत्येक व्हॉल्व्हपाशी सेन्सरला हाक मारणारं टूल धरायचं, ओळख पटली की एक हॉर्न. प्रत्येक चाकाला दोन मिनिटं. वेळ टळली की हॉर्न दोनदा वाजतो आणि सगळं पहिल्यापासून.

मुलगा आत चावीवर, मी बाहेर गुडघ्यावर. पहिलं चाक, हॉर्न. दुसरं, हॉर्न. तिसऱ्याला काही नाही. "बाबा, अजून उजवं मागचंच मागतेय." दोन मिनिटं गेली, दोनदा हॉर्न. त्या संध्याकाळी पाच वेळा केलं. मिनेसोटातला डिसेंबर, गॅरेजचं दार उघडं, पोराची बोटं गारठली म्हणून थांबलो.

पहिला संशय रचलेल्या चाकांवर. उजवं मागचं चाक नेमकं त्या भिंतीकडे येतं, त्यामुळे टूलची हाक शेजारच्या जुन्या सेन्सरलाही पोचत असेल असं वाटलं. चारही चाकं घराच्या पलीकडच्या अंगाला नेली. फरक शून्य. मग वाटलं, सेन्सर झोपलाय. दहा पीएसआय हवा सोडली, पुन्हा भरली, हायवेवर वीस मिनिटं फिरवून आणलं. शून्य. स्टीलची रिम सिग्नल अडवते म्हणावं, तर पुढची दोन्ही चाकं तशाच रिमवर बोलत होती.

चौथ्या दिवशी करायला हवं होतं ते नवव्या दिवशी केलं: उजव्या बाजूची दोन चाकं आपसांत बदलली. आता हॉर्न दुसऱ्यालाच अडला. म्हणजे गाडीचा दोष नाही, दोष त्या चाकातच.

माझं टूल सेन्सरला नुसती हाक मारतं, उत्तर काय आलं ते सांगत नाही. सेंट पॉलला राहणाऱ्या, आपल्यातल्याच एका दादांनी त्यांचं ऑटेल टीएस५०८, सेन्सरचं उत्तर वाचून दाखवणारं टूल, दोन दिवसांसाठी दिलं. पडद्यावर सेन्सरचा ओळख क्रमांक, म्हणजे आयडी आला, प्रेशर बरोबर, बॅटरी ठीक. सेन्सर ठणठणीत जिवंत! आणि त्याखालच्या ओळीत ४३३.९२. बाकी तिघांना ३१५.

इतके दिवस मी ज्याला मुका समजत होतो तो दर वेळी उत्तर देत होता. टूलची हाक १२५ किलोहर्ट्झवर जाते, ती दोन्ही जातींच्या सेन्सरना ऐकू येते. उत्तर मात्र हा ४३३.९२ मेगाहर्ट्झवर देत होता, युरोपातल्या गाड्यांसाठी असतो तसा, आणि भीमाचे कान ३१५ वर. डब्यावर चारही ३१५ छापलेले. विक्रेत्याने कळवलं की परत करायचे तर चारही एकत्र करा. म्हणजे चारही टायर उतरवा! मी नाद सोडला आणि दुकानातून एक प्रोग्रॅमेबल सेन्सर घेतला, म्हणजे हवी ती फ्रिक्वेन्सी आणि आयडी भरता येणारा. थोडे पैसे जास्त गेले, पण माझं मत पक्कं झालंय: सेन्सर हातात घेऊन, टूलवर वाचून मगच टायरमध्ये घालायचा.

टायर आदल्या रात्री घरात आणून ठेवला, थंडीत रबर लाकडासारखं होतं. व्हॉल्व्हसमोर टायरवर खडूची रेघ मारली, म्हणजे परत बसवताना बॅलन्स फार हलणार नाही. बीड, म्हणजे टायरची रिममध्ये बसणारी कड, सोडवणाऱ्या बीड ब्रेकरचा पाय व्हॉल्व्हच्या बरोबर विरुद्ध बाजूला टेकवला, नाहीतर सेन्सरचा चुरा. दोन धक्क्यांत बीड सुटली. टॉर्क्स टी-१० चा एक स्क्रू, जुना बाहेर, नवा आत. जुन्याच्या पाठीवर, रिमकडच्या बाजूला, बारीक अक्षरात ४३३ कोरलेलं होतं. साबणाचं पाणी लावून हवा भरताना बीड जागेवर बसल्याचे दोन ठाक-ठाक आवाज आले, मला ते फार आवडतात.

पुढचं वर सांगितलंच. चार हॉर्न, आणि पोराने आतून मारलेली आरोळी.

आज सकाळी शून्य फॅरनहाइट. पन्नास अंशांच्या गॅरेजमध्ये ३५ भरलेले टायर बाहेर ३० दाखवतात, दर दहा अंशांना साधारण एक पीएसआय. नियमाप्रमाणे दिवा लागायला गाडीच्या स्टिकरवर दिलेल्या दाबाच्या आकड्यापेक्षा पंचवीस टक्के कमी लागतं, म्हणजे २६ च्या आसपास. म्हणून दिवा गप्प आहे, पण टायर कमीच आहेत. संध्याकाळी बाहेरच्या थंडीतच ३५ करतो. आपला दिवा आधी मिनिटभर लुकलुकून मग स्थिर व्हायचा, तो सिस्टीमचा दोष. हवा कमी असेल तर पहिल्यापासून स्थिर. दोन्हींत गल्लत करू नका.

आता एप्रिलचा बेत. मूळ चाकं चढवून पुन्हा हीच शिकवणी करायची असं ठरवलं होतं. हे लिहिताना डोक्यात आलं: उन्हाळी चाकांतले सेन्सर २०१२ चे, बॅटरी आता कधीही संपेल. तिथे चार प्रोग्रॅमेबल घालून त्यांना हिवाळी सेन्सरचेच आयडी दिले तर? गाडीला फरक कळणार नाही, शिकवणी कायमची संपली. त्या टायरांची नक्षीही झिजलीय, मार्चमध्ये ते बदलतानाच होऊन जाईल.

एकच शंका आहे. एकाच आयडीचे दोन संच, एक गाडीवर आणि एक भिंतीला रचलेला. गाडी गॅरेजमध्ये असताना गोंधळ होतो का? कोणी केलं असेल तर मार्चच्या आत सांगा.