सायेब गावाला गेल्यावर सही कोण करणार?

आज बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत (धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात) होतो. रिजेक्ट झालेल्या कास्टिंगचं पुढं काय होतं, त्याची आकृती काढायची आणि तिच्यावरून वेब ॲप्लिकेशन उभं करायचं, असं काम.

बीपीएमएन २.० ही कामाचा क्रम आकृतीत मांडायची ठरलेली पद्धत (ओएमजी या मानकं ठरवणाऱ्या संस्थेनं ती २०११ साली आणली). तिच्यात आकृतीमागं एक्सएमएल, म्हणजे संगणकाला वाचता येणारा मजकूर असतो. कॅमुंडा किंवा फ्लोएबलसारखं सॉफ्टवेअर, म्हणजे इंजिन, तेच चालवतं. माणसाचं चिन्ह असलेली गोल कोपऱ्यांची चौकट म्हणजे कुणाच्यातरी स्क्रीनवर येणारं काम, फुलीचा तिरपा चौकोन म्हणजे एकच वाट निवडायची. इथवर सगळे माना डोलवत होते.

मग स्टोअरमधले मामा म्हणाले, "ते समदं बरोबर हाय ओ, पण सायेब गावाला गेल्यावर सही कोण करतंय?"

झालं! पुढचा बराच वेळ त्यातच गेला. शेवटी मंजुरीच्या चौकटीवर दोन टायमर बसवले. तुटक रेषेचा नुसती आठवण करतो, काम साहेबांकडंच राहतं. सलग रेषेचा वाजला की काम त्यांच्याकडून काढून प्रॉडक्शन मॅनेजरकडं जातं. साहेबांना हा दुसरा फारसा रुचला नाही, ते चेहऱ्यावरच दिसत होतं.

"आकृती काढली की ॲप तयार" असं विकणारे विकतात. इंजिन मुख्यतः कामाचा क्रम सांभाळतं. फॉर्म, लॉगिन, कुणाला काय दिसावं, टॅलीशी जोडणी हे बरंचसं आपल्यालाच करायचं असतं. फोनवरच्या तोंडी मंजुरीचं काय करायचं, ते सोमवारी ठरणार. मामांना बोलवा म्हणून आधीच सांगून आलोय.