पहिला डंपर

घोड्याच्या नालेसारखं, जेमतेम दोन बोटं रुंद असं एक हाड गळ्यात असतं. गळा आवळला की कधी कधी ते मोडतं. एका बाईचं ते हाड मला अजून सापडलेलं नाही.

सोपाऱ्यात जुनी चाळ पाडून पुनर्विकासाचं खोदकाम चाललं होतं. बुजवलेली विहीर उकरताना जेसीबीत मांडीचं हाड आलं. मी पोचलो तेव्हा मुकादम म्हणाला, "साहेब, हे सोपारं आहे. अशोकाच्या काळातलं असणार. गोणीत भरा न् आम्हाला काम करू द्या." म्हणणं अगदीच हवेतलं नव्हतं. इथल्याच बुरुड राजाच्या कोटात १८८२ साली पुरातत्त्वज्ञ भगवानलाल इंद्रजींनी स्तूप उघडला, त्याच वर्षी अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला, नवव्याचा १९५६ साली भुईगावला. शिवाय हाडांवरच्या मातीत लाल, गुळगुळीत खापरं होती. फोटो पाहून एक प्राध्यापक म्हणाले, "खापरं जुनीच आहेत. पण हाडांखाली काय आहे ते बघा."

आमचा हवालदार गोणी घेऊन तयारच होता. हाडं गोणीत कोंबणारा पोलीस मला सहन होत नाही. नायब तहसीलदार आल्यावर शिडी लावून मी स्वतः उतरलो. करणी, रंगाऱ्याचा ब्रश, घमेलं, वाळूची चाळण. हाडांखाली निघाली सिमेंटची प्लास्टिकची पिशवी. म्हणजे माती उलटी होती: जुनं वर, नवं खाली. कुठलीतरी पुरातन जमीन खणून त्या मातीनं विहीर बुजवली होती. मनगटांच्या हाडांभोवती नायलॉनची दोरी, दोन वेढे, गाठ शाबूत. गाठ न सोडता दोरी बाजूला कापली. गाठ हाच पुरावा. प्रत्येक हाड वेगळ्या कागदी पाकिटात, कारण प्लास्टिकमध्ये दमटपणानं बुरशी धरते. लाखेचं सील, पंचांच्या सह्या, सगळ्याचं चित्रीकरण. एक पंच मधेच पळाला. दुसरे, निवृत्त गुरुजी, दिवे लागेपर्यंत उभे राहिले.

गुन्हा १ जुलै २०२४ च्या, म्हणजे नवे कायदे लागू होण्याच्या आधीचा, म्हणून कलमं जुन्या दंड संहितेचीच, ३०२ (खून) आणि २०१ (पुरावा नाहीसा करणं). तपास मात्र नव्या नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे.

पण कवटी आणि मान जागेवर नव्हती. मी यायच्या आधीच एक डंपर खाडीच्या भरावाला गेला होता. तिथं दोन दिवस माती चाळली. खालचा जबडा आणि दोन मणके मिळाले. जबड्यातल्या दाढेवरून डीएनए निघाला, तो एका आजींच्या रक्ताशी जुळला. मुलगी हरवल्याची तक्रार घेऊन त्या वर्षानुवर्षं हेलपाटे घालत होत्या. "गेली असेल कुणाबरोबर," असं त्यांना एका पोलिसानं सांगितलं होतं. त्या वाक्याची मला आजही लाज वाटते.

संशयित अटकेत आहे. डॉक्टरांचा अभिप्राय: मृत्यूचं कारण निश्चित सांगता येत नाही. बचावाचा वकील पहिलं बोट तिथंच ठेवणार, हे मला दिसतंय.

आजींनी एकच विचारलं, "गळ्यात पोत होती का, साहेब? काळे मणी, दोन वाट्या, त्यातली एक चेपलेली."

ते वर्णन मी डायरीत उतरवून घेतलंय. भराव थांबवा म्हणून दोन पत्रं दिली, उत्तर आलं नाही. परवा तिथून गेलो, तर पाइलिंग सुरू झालं होतं.