पोथीत काय आहे?

जेवताना आबांनी सहज विचारले, "पोथी कसली होती गं? कहाणी कोणती आहे तीत?" मला उत्तर देता आले नाही. "कहाण्यांची आहे" एवढेच मी म्हणाले. त्यांनी ताकाची वाटी उचलली आणि विषय त्यांच्यापुरता संपला. माझ्यापुरता तो अजून संपलेला नाही, म्हणून या वेळी लिहायला बसले आहे. आज सबंध दिवस ती पोथी माझ्या हातात होती. तिच्या पत्रांची, म्हणजे सुट्या पानांची, लांबी-रुंदी मी मोजली, किडीची छिद्रे कोणत्या पत्रापासून कोणत्या पत्रापर्यंत आरपार गेली आहेत ते लिहिले, समासातल्या दुहेरी रेघा, पत्रांकांची जागा, पहिल्या पत्रावरचे कुंकवाचे डाग हे सारे नोंदवले. आणि तिच्यात काय सांगितले आहे, हे मात्र मला ठाऊक नव्हते.

जुन्या ग्रंथांची नोंद कशी करावी हे शिकवणाऱ्या ज्या वर्गाला मी सध्या जाते, त्याचा पहिला नियमच असा आहे की जे दिसते ते, दिसते तसे लिहायचे. आपल्याला ठाऊक असलेले त्यात मिसळायचे नाही. पुराव्यावरून ठरवता आलेली गोष्ट लिहायचीच असेल तर ती चौकोनी कंसात घालायची, म्हणजे पुढच्या माणसाला छापलेले कोणते आणि आपण ठरवलेले कोणते हे वेगळे दिसते. हा नियम मला मनापासून पटलेला आहे. दुपारी त्यानेच मला फार मोठा आनंद दिला. पोथीला शीर्षकपृष्ठ नाही, छपाईची माहिती शेवटच्या पत्रावर आहे आणि तिथे शकाचा तिसरा आकडा किडीने खाल्लेला आहे. ‘शके १७’, मग छिद्र, मग ‘५’. पुढे ‘रुधिरोद्गारी नाम संवत्सरे, माघ शुद्ध’ एवढे स्पष्ट वाचता येते. संवत्सरांची नावे साठ वर्षांनी फिरून येतात, त्यामुळे या जागी १७२५ किंवा १७८५ हे दोनच शक बसतात. अक्षरे भिंगाखाली पाहिली तर एकाच ओळीतला ‘क’ प्रत्येक वेळी किंचित निराळा आहे आणि पत्र उलटे करून बोट फिरवले तर छपाईच्या खिळ्यांचा दाब कोठेही लागत नाही. अर्थात ही शिळाछापाची पोथी आहे. दगडावरून छापण्याची कला सेनेफेल्डरने १७९६ च्या सुमारास बव्हेरियात शोधली आणि ती आपल्याकडे १८२० नंतरच्या दशकात आली, तेव्हा शके १७२५, म्हणजे १८०३ च्या आसपासचे वर्ष, आपोआप बाद होते. राहिला शके १७८५. त्यातही महिना माघ असल्यामुळे अठ्ठ्याहत्तर मिळवून चालत नाही, एकोणऐंशी मिळवावे लागतात, म्हणून इसवी सन १८६४. सन १८६७ च्या पंचविसाव्या आक्टाप्रमाणे पुस्तक नोंदवल्याचा जो मजकूर पुढच्या काळातल्या पुस्तकांवर सर्रास आढळतो, तो या पोथीवर नाही, आणि तेही या वर्षाशी जुळते. ‘१७[८]५’ असे मी लिहिले तेव्हा सरांनी नुसती मान हलवली. त्या एका आकड्यासाठी मी दोन तास खर्च केले होते आणि आणखी दोन तास आनंदाने केले असते.

मग आबांच्या प्रश्नाने एवढे का लागावे?

ग्रंथालयात इतकी वर्षे काढली ती पुस्तक कशाविषयी आहे हे सांगण्यातच. प्रस्तावना चाळायची, अनुक्रमणिका पाहायची, विषय ठरवायचा, वर्गांक द्यायचा. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांनी १९३१ साली मांडलेल्या पाच सूत्रांत प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ आणि प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे असे म्हटले आहे, आणि ‘यात काय आहे’ या प्रश्नाला उत्तर असल्याशिवाय यांतले एकही सूत्र चालत नाही. वर्गातल्या नोंदीत त्या प्रश्नाला एकच जागा आहे. मार्क २१ या संगणकीय ग्रंथनोंदीच्या नमुन्यात ५२० क्रमांकाचे क्षेत्र सारांशासाठी असते. आज मी पूर्वीच्या मालकीसाठी ५६१ भरले, बांधणीसाठी ५६३ भरले (पोथी सुटी आहे, दोन लाकडी फळ्या आणि लाल फडके), आणि ५२० रिकामे ठेवले. वर्गात कोणीच ते भरले नाही. ५६१ मध्ये मोडीत लिहिलेले एका बाईंचे नाव गेले. त्या नावाविषयी पुन्हा केव्हातरी लिहीन.

संध्याकाळपासून मन खट्टू आहे, ते खरे तर आणखी एका गोष्टीमुळे. हे सगळे शिकून मी ते वापरणार कोठे? आमच्या ग्रंथालयाच्या संगणकात लेखक, शीर्षक, प्रकाशक, किंमत आणि दाखल क्रमांक एवढेच रकाने भरले जातात आणि शीर्षकपृष्ठ नसलेल्या पोथीपुढे ‘अज्ञात’ असे लिहून पुढे जायचे असते. कपाटात अशा किती पोथ्या आहेत हे विचारायलाही कोणी येत नाही. वर्गातली मुले तिशीच्या आतली आहेत, त्यांच्या हाती पुष्कळ वर्षे आहेत. माझी निवृत्ती दिसू लागली आहे. निर्लेखनाच्या, म्हणजे रद्द करून काढून टाकायच्या पुस्तकांच्या, याद्यांमधून जे गेले ते आठवायला आज बसू नये. नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, सुरू आहे, वर्गाच्या खोलीत कूलर लावता येत नाही कारण त्याची ओली हवा कागदावर बुरशी आणते, पंखाही सुट्या पत्रांमुळे अगदी हळू ठेवावा लागतो. दुपट्टा बांधून त्या उन्हातून महाल भागात घरी परत येताना आज प्रथमच वाटले की मी हे फार उशिरा करते आहे.

एवढे लिहून मी उठले आणि टिपणासाठी घेतलेली छायाचित्रे फोनवर उघडून पहिल्या पत्रापासून वाचू लागले. आटपाट नगर आहे, गरीब ब्राह्मण आहे, त्याची बायको वसा घेते, भरभराट होते, बाई उतते, मातते, घेतलेला वसा टाकते, आणि सहाव्या पत्राच्या अखेरीस नवरा तिला रानात सोडून निघून जातो. पुढचे पत्र आठवे आहे आणि तिथे एका राणीची दुसरीच कहाणी अर्ध्यावर चालू आहे. सातवे पत्र नाही हे मला सकाळीच ठाऊक होते. शेवटच्या पत्रावर २४ हा अंक आहे आणि हाती पत्रे तेवीस, म्हणून ‘पत्र ७ गहाळ’ असे मी लिहून मोकळी झाले होते. आता कळले की ती बाई रानातच राहिली आहे आणि ‘सुफळ संपूर्ण’ हे शब्द तिच्या कहाणीला मिळालेले नाहीत. मात्र आधी मोजले नसते, तर वाचताना ही राणी अचानक कोठून आली म्हणून मी अडखळले असते आणि दगडावर लिहिणाऱ्याने मजकूर गाळला असावा असे समजून पुढे गेले असते. दिवसभर जी मोजदाद मला पोथीपासून दूर नेते आहे असे वाटत होते, तिनेच कहाणी कोठे तुटली ते दाखवले.

यामुळे मन बरेच शांत झाले. वाचणे आणि वर्णन करणे ही कामे एका दिवसात एकाच व्यक्तीकडून होतील असे नाही, आणि न झाली तरी पोथीचे नुकसान नाही, नोंद खरी असली म्हणजे झाले. उद्या ५२० मध्ये दोन ओळी लिहीन. सरांनी त्या अनावश्यक ठरवल्या तर त्यांचे कारण ऐकून घेईन, तरीही माझ्या नोंदीत त्या राहाव्यात असे मला वाटते. पाश्चात्त्य पुस्तकांसाठी घडलेले जुळणीचे सूत्र, म्हणजे पुस्तकाची पाने कशी जुळवली आहेत ते थोडक्यात लिहिण्याची रीत, ज्यात घडी घातलेल्या फर्म्यांना लॅटिनची तेवीस अक्षरे ओळीने देतात, ते सुट्या पत्रांच्या पोथीला लागूच पडत नाही; मग आपल्या पोथ्यांसाठी काही गोष्टी आपल्यालाच ठरवाव्या लागतील.

त्या कहाणीचा शेवट आबांना कदाचित पाठ असेल. तो मी ऐकेन, पण या प्रतीत तो होता असे मला लिहिता येणार नाही, चौकोनी कंसातसुद्धा नाही. शिळाछापात एक छपाई झाली की बहुधा दगड घासून दुसऱ्या मजकुरासाठी घेत, आणि पुन्हा छापायचे म्हणजे सगळे पुन्हा लिहून काढायचे. त्यामुळे नंतरच्या छपाईतले सातवे पत्र याच शब्दांत संपत असेल याची खात्री नाही. शके १७८५ चीच दुसरी प्रत पाहिली पाहिजे. शंकर गणेश दाते यांच्या मराठी ग्रंथांच्या सूचीत १८०० पासूनची नोंद आहे, ती उद्या वर्गातच पाहीन, आणि तिच्यात ही छपाई सापडली नाही तरी मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाला पत्रांकांसह एक पत्र लिहायचे आहे.