तुम्ही विचारलंत म्हणून: मसाल्याच्या इंग्लिश मफिनला जाळी का पडत नाही?

ऑटम सुरू झाला की हा प्रश्न येतोच, शब्द थोडे इकडचे तिकडे एवढंच. साधे इंग्लिश मफिन (कपकेकसारखे गोड मफिन नव्हेत, यीस्टच्या पिठाचे तव्यावर भाजलेले चपटे गोल पाव) झकास होतात, फोडले की आत मस्त जाळी, पण त्याच पिठात दालचिनी, सुंठ, लवंग, जायफळ घातलं की सगळं बिघडतं, मफिन बसके होतात आणि आतून दाट, गिच्च. मसाला तर चिमूटभरच घातला होता मग असं का? (चिमूटभर म्हणजे नेमका किती असं विचारलं की हळूच उत्तर येतं, दोन टेबलस्पून.)

तर तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, दालचिनी आणि यीस्टचं फारसं पटत नाही. दालचिनीला तिचा वास देणारं जे सिनॅमाल्डिहाइड असतं ते बुरशीच्या जातीतल्या सगळ्यांनाच त्रास देतं आणि यीस्ट शेवटी बुरशीच्याच खानदानातलं. लवंगेतलं युजेनॉलही तसंच. थोडं असेल तर यीस्ट चालवून घेतं, जास्त झालं की ते मंदावतं, मरत नाही पण कामचुकारपणा सुरू होतो. आता यात ऑटमची भर घाला, किचन उन्हाळ्यात २६ डिग्री असेल तर आता १८ वर आलेलं असतं आणि एवढ्या फरकाने पीठ फुगायला जवळजवळ दुप्पट वेळ लागू शकतो. म्हणजे एक ब्रेक थंडीचा, दुसरा दालचिनीचा, आणि आपण मात्र उन्हाळ्यातल्या साध्या मफिनचं घड्याळ लावून बसलेलो. रेसिपीत एक तास लिहिलंय म्हणून तासाने उचलून तव्यावर टाकायचं, मग जाळी कुठून पडणार, गॅसच तयार झालेला नसतो.

ऑटमच्या बेकिंगवर ज्या पंपकिन स्पाइसचं राज्य आहे ना, तो मसाला मुळात यीस्टसाठी बनलेलाच नाही. मॅकॉर्मिक कंपनीने १९३४ साली दालचिनी, सुंठ, जायफळ वगैरेचं तयार मिश्रण बाजारात आणलं ते भोपळ्याच्या पायसाठी, म्हणजे सारण भरून भाजतात त्या गोड ‘पाय’साठी. पायचं सारण म्हणजे अंडी, दूध, भोपळ्याचा गर, त्यात फुगायचं कोणाला आहे? नंतर २००३ मध्ये स्टारबक्सने त्याची लाटे, म्हणजे दुधाची कॉफी, केली, तिथेही यीस्टचा संबंध नाही. आपण तेच प्रमाण उचलून यीस्टच्या पिठात ओततो आणि मग यीस्टला नावं ठेवतो. सिनॅमन रोल बघा, तिथे दालचिनी पिठात जातच नाही, लाटलेल्या पोळीवर लोण्यासाखरेबरोबर पसरतात, गुंडाळतात, पीठ आपलं आपलं फुगत राहतं. ही शहाणपणाची गोष्ट आहे आणि मफिनलाही तीच लावायची.

म्हणजे माझं म्हणणं एवढंच की मसाल्याचे दोन भाग करा. थोडा पिठात, नुसता मागे वास राहील इतका, आणि खरा मसाला लोण्यात, जे मफिन भाजून झाल्यावर वर जाणार आहे. या मसाल्यांचा वास देणारी द्रव्यं तेलातुपात चांगली विरघळतात, त्यामुळे गरम मफिनवर वितळणाऱ्या लोण्यातून जी चव येते ती पिठात तिप्पट दालचिनी घालूनही येत नाही. ५० ग्रॅम मऊ लोणी, एक टेबलस्पून ब्राऊन शुगर किंवा मध, अर्धा टीस्पून दालचिनी, किसलेलं जायफळ आणि चिमूटभर मीठ (ही खरोखरची चिमूट), फेटायचं, झालं.

आता पीठ. ८ मफिनसाठी ३०० ग्रॅम ब्रेडचा मैदा म्हणजे जरा जास्त प्रोटीनवाला, २४० ग्रॅम कोमट दूध, २५ ग्रॅम वितळवलेलं लोणी, २० ग्रॅम ब्राऊन शुगर, ६ ग्रॅम मीठ, एक टीस्पून इन्स्टंट यीस्ट. मसाला पाऊण टीस्पून दालचिनी, पाव टीस्पून सुंठ, थोडं जायफळ, आणि लवंग अगदी चाकूच्या टोकावर मावेल एवढीच, लवंग दादागिरी करते. साखर वाढवू नका हं, बऱ्याच जणांना वाटतं साखर म्हणजे यीस्टचं खाणं तर घाला अजून, पण साखर जास्त झाली की ती पाणी स्वतःकडे ओढून घेते आणि यीस्टला कोरडं पाडते, वर तव्यावर मफिन आतून शिजायच्या आत बाहेरून काळा होतो तो वेगळाच ताप.

हे पीठ चिकट होणार. होऊ दे. इथे बहुतेकांचा धीर सुटतो आणि मूठमूठ मैदा आत जातो आणि जाळी तिथेच संपते, कारण जाळीला पाणी लागतं, सैल पिठात गॅसचे बुडबुडे मोठे होऊ शकतात आणि तव्याच्या उष्णतेने पाण्याची वाफ होऊन ते अजून ताणले जातात, घट्ट पिठात बुडबुडे दबून बारीक राहतात. त्यामुळे मळायच्या भानगडीत पडू नका, चमच्याने कालवा, २० मिनिटं झाकून ठेवा, मग ओल्या हाताने कडा उचलून मध्ये दुमडायच्या, अर्ध्या अर्ध्या तासाने असं दोनतीनदा. पीठ स्वतःच ताणदार होत जातं, हाताला कळतं ते.

संध्याकाळी कालवलेलं पीठ जवळपास दुप्पट झालं की (घड्याळ नको, भांड्याला बाहेरून रबर बँड लावा आणि तो बघा) ट्रेवर भरपूर रवा किंवा मक्याचा जाडसर रवा पसरून त्यावर हलक्या हाताने ८ गोळे, साधारण ७० ते ७५ ग्रॅमचे, चपटे करून ठेवायचे, वरूनही रवा, झाकायचं आणि रात्रभर फ्रिजमध्ये. रवा चवीसाठी नसतो फारसा, चिकटू नये म्हणून असतो, कंजूषी केली तर सकाळी ट्रेवरून उचलताना सगळी हवा निघून जाते. फ्रिजच्या ४ डिग्रीला यीस्ट अगदी सावकाश काम करत राहतं आणि रात्रभरात चवही मुरते. ज्याला दालचिनीने आधीच सुस्त केलंय त्याला घाई करून काय उपयोग, वेळच द्या ना. सकाळी बाहेर काढून ४५ मिनिटं, किचन फार गार असेल तर तासभरही, बोटाने हलकं दाबलं की खळगा सावकाश भरून आला पाहिजे, पटकन उसळला तर अजून थांबा.

रिंग, म्हणजे पीठ गोल धरून ठेवणाऱ्या तव्यावरच्या कड्या, हव्यात का हेही विचारतात. नको. रिंग पातळ पिठाला लागतात, क्रंपेटला लागतात, क्रंपेट हा वेगळा प्रकार, तो धिरड्यासारखा ओतायचा आणि त्याची भोकं वर उघडी दिसतात. मफिनची जाळी आत लपलेली असते.

जाड बुडाचा तवा, बिडाचा असेल तर उत्तम, आणि आच मंद. खरंच मंद, म्हणजे तुम्हाला वाटतंय त्याहून कमी. तव्याचं तापमान १५० ते १६० डिग्रीच्या आसपास, एका बाजूला ७-८ मिनिटं, मग उलटून तेवढीच. पहिली काही मिनिटं झाकण ठेवलं तर आत वाफ धरते आणि मध्यभाग नीट शिजतो. साखर आणि दूध असल्याने रंग पटकन येतो आणि माणूस फसतो, बाहेरून देखणा आणि आत कच्चा. थर्मामीटर असेल तर मध्यभागी ९५ डिग्रीच्या आसपास दिसायला हवं, नसेल तर कडा दाबून बघा, चिकट लिबलिबीत लागली तर १७५ डिग्रीच्या ओव्हनमध्ये ५-७ मिनिटं ढकलून द्या, काही कमीपणा नाही त्यात. कडा मात्र पांढुरक्याच राहतात आणि तशाच राहायला हव्यात.

या जाळीवरून अमेरिकेत कोर्टकचेरीही झालीये, गंमत नाही करत. सॅम्युअल बाथ थॉमस नावाचा माणूस १८७४ मध्ये इंग्लंडहून न्यूयॉर्कला गेला, १८८० मध्ये स्वतःची बेकरी काढली आणि त्याच्या नावाचे मफिन आतल्या खाचखळग्यांसाठी अजून प्रसिद्ध आहेत. पुढे हा ब्रँड बिम्बो बेकरीजकडे आला आणि त्यांचा एक वरिष्ठ अधिकारी दुसऱ्या बेकरी कंपनीत निघाला तेव्हा त्याला अडवायला कंपनी कोर्टात गेली, म्हणणं असं की हे मफिन कसे बनतात हे पूर्णपणे फक्त सात जणांना माहीत आहे आणि हा त्यातला एक. २०१० मध्ये अपील कोर्टानेही त्याला रोखणारा आदेश कायम ठेवला. तेव्हा तुमची जाळी पहिल्या फटक्यात पडली नाही तर फार मनाला लावून घेऊ नका.

आणि एवढं सगळं करून शेवटी सुरी घेऊन कापायचे? अजिबात नाही. इंग्लंडच्या हॅना ग्लास बाईंनी १७४७ च्या त्यांच्या पाककृतींच्या पुस्तकातच बजावून ठेवलंय की मफिनला सुरी लावू नका, कापायलाही नाही आणि लोणी पसरायलाही नाही, नाहीतर तो शिशासारखा जड होईल. लोण्याच्या बाबतीत बाई जरा जास्तच कडक होत्या असं माझं मत, पण कापण्याबद्दल शंभर टक्के बरोबर, सुरीने जाळी दाबली जाते आणि पृष्ठभाग गुळगुळीत होतो. काट्याने कडेकडेने टोचत गोल फिरवा आणि हाताने उघडा, मग जे उंचवटे राहतात ते टोस्ट करताना कुरकुरीत होतात आणि खळग्यांत मसाल्याचं लोणी साठतं. तव्यावरून उतरवल्यावर निदान अर्धा तास थांबून मग उघडा, गरम असताना आतला स्टार्च बसलेला नसतो आणि उघडलं की चिकट लगदा दिसतो, त्याला लोक कच्चं समजतात.

भोपळा घालू का? घाला, पण तो जाळीच्या मुळावर येतो हे माहीत असू द्या. भोपळ्याच्या गराने रंग सुंदर येतो, मऊपणा येतो, पण जाळी बारीक होते, आणि ज्याला आपण भोपळ्याची चव म्हणतो ती निम्म्याहून जास्त मसाल्याचीच असते. घालायचाच तर ६० ग्रॅम गर आणि दूध साधारण ५० ग्रॅमने कमी. किसलेलं सफरचंद नको, पाणी सोडत राहतं. बेदाणे किंवा सुक्या क्रॅनबेरी चालतील, भिजवून, निथळून, दुमडताना आत घालायच्या आणि चपटं करताना जे बाहेर डोकावतात ते आत ढकलायचे, कारण तव्याला लागलेला बेदाणा जळतो आणि कडू होतो.

उरलेले (उरले तर) काट्याने आधीच अर्धे उघडून फ्रीझरमध्ये टाका आणि लागतील तसे थेट टोस्टरमध्ये घाला, मायक्रोवेव्ह नको, त्यात चामट होतात.