ग्रबच्या यादीतून गायब झालेलं विंडोज

डीटीपी, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची पानं लावायचं काम, करणाऱ्याला विंडोज पूर्णपणे सोडता येत नाही. माझा पत्रव्यवहार, बिलं, युनिकोडमधली नवी पुस्तकं असं बाकी सगळं डेबियन या लिनक्सवर चालतं. पण दिवाळी अंकवाले अजून श्रीलिपी या भारतीय भाषांच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या फॉन्टमधल्या फायली पाठवतात. जाहिरातदारांना मागच्या वर्षीचंच पान हवं असतं, फक्त साल बदलून. ती सगळी पानं विंडोजवरच्या पेजमेकर या पानं लावायच्या प्रोग्राममध्ये, आणि पेजमेकरची शेवटची ७.० आवृत्ती २००१ सालची. म्हणून एकाच मशीनवर दोन्ही ठेवलंय. चालू केलं की ग्रबचा, म्हणजे कुठली सिस्टिम सुरू करायची ते विचारणाऱ्या छोट्या प्रोग्रामचा, मेनू येतो, त्यातून हवं ते निवडायचं.

डेबियन ११ वरून १२ वर अपग्रेड केलं आणि पुढच्या रीस्टार्टला मेनूत डेबियन, त्याखाली डेबियनचेच प्रगत पर्याय आणि शेवटी फर्मवेअरच्या, म्हणजे मदरबोर्डमधल्या मूळ प्रोग्रामच्या, सेटिंग्ज, एवढंच दिसलं. विंडोज बूट मॅनेजरची ओळच नव्हती. दिवस गणपतीनंतरचे, म्हणजे अंकांच्या घाईचे. प्रेसवाल्या दादांचा फोन आधीच येऊन गेला होता: "ताई, पहिले दोन फर्मे बटरवर काढून ठेवा हं, प्लेटवाला थांबलाय." फर्मा म्हणजे एकत्र छापायची पानं, आणि बटर म्हणजे प्लेट बनवण्यासाठी अर्धपारदर्शक कागदावर काढलेली प्रत.

ओळखीच्या रिपेअरवाल्याला विचारलं तर त्याचं उत्तर तयार होतं. "लिनक्स टाकलं की विंडोज उडतंच. मशीन घेऊन या, फॉरमॅट मारून नवीन टाकून देतो." फॉरमॅट मारणाऱ्याचं काय जातं? आतली पानं त्याची थोडीच असतात. मी मशीन नेलं नाही.

सोसायटीच्या जिन्याखालच्या पाटीवरून नाव पुसलं गेलं म्हणून माणूस घर सोडून गेलेला नसतो. ग्रबचा मेनू म्हणजे ती पाटी. अपडेट-ग्रब ही आज्ञा चालते तेव्हा ती लिहिली जाते, आणि पुढच्या वेळी आज्ञा चालेपर्यंत तशीच राहते. मशीन चालू करताना ग्रब डिस्कवर विंडोज शोधत बसत नाही, समोर लिहिलेली यादी दाखवतो. म्हणून आधी घरात माणूस आहे का ते पाहायचं आणि पाटीचं नंतर.

टर्मिनलमध्ये डिस्कचे भाग, म्हणजे पार्टिशनं, दाखवणारी एलएसबीएलके -एफ ही आज्ञा दिली. विंडोजची, म्हणजे एनटीएफएस पद्धतीची, दोन्ही पार्टिशनं नावासकट जागेवर होती. त्यांच्या आधी शंभर एमबीचं छोटं फॅट३२ पार्टिशन, म्हणजे ईएफआय. यूईएफआय या नव्या पद्धतीचं फर्मवेअर असलेल्या मशीनमध्ये सगळ्या सिस्टिमचे लोडर इथे एकत्र राहतात. त्यात डोकावलं तर बूट, डेबियन आणि मायक्रोसॉफ्ट असे तीन फोल्डर, आणि मायक्रोसॉफ्टच्या आत बूटएमजीएफडब्ल्यू.ईएफआय ही फाइल. विंडोज सुरू करणारा लोडर तोच. तो फोल्डर नसता तर मात्र विंडोजच्या पेनड्राइव्हवरून दुरुस्ती करावी लागली असती.

मग मशीन बंद करून चालू करताना एफ१२ दाबून धरलं. ही कळ कंपनीगणिक बदलते, कुठे एफ९, कुठे एफ११, कुठे एस्केप. इथे येतो तो मदरबोर्डचा स्वतःचा मेनू, ग्रबशी त्याचा संबंध नसतो. त्यात विंडोज बूट मॅनेजर दिसलं, निवडलं, आणि विंडोज उघडलं. पेजमेकर, श्रीलिपी, मागच्या वर्षीची पानं सगळं जिथल्या तिथे. रात्रीचे अकरा वाजले होते आणि विंडोजचं घड्याळ संध्याकाळचे साडेपाच दाखवत होतं. त्याचा या भानगडीशी संबंध नाही. लिनक्स मशीनच्या घड्याळात यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, ठेवतं आणि विंडोज तीच स्थानिक वेळ समजतं, म्हणून आपल्याकडे बरोबर साडेपाच तासांचा फरक पडतो. बटर त्याच रात्री काढले. ज्याच्या डोक्यावर काम आहे त्याने दुरुस्तीला बसण्याआधी हा रस्ता वापरून काम उरकावं, असं मी आता सगळ्यांना सांगते. घाईत ग्रबला हात लावू नये.

दुसऱ्या दिवशी निवांत बसून सुडो लावून, म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने, अपडेट-ग्रब चालवलं. तिथे एक इशारा आला: बूट होऊ शकणारी इतर पार्टिशनं शोधण्यासाठी ओएस-प्रोबर चालवला जाणार नाही. कारण समोरच लिहिलेलं होतं.

ओएस-प्रोबर हा मुळात डेबियनच्या इन्स्टॉलरसाठी लिहिलेला छोटा प्रोग्राम. तो सगळी पार्टिशनं चाळतो, कुठे कुठली सिस्टिम आहे ते ओळखतो आणि ग्रबला सांगतो. विंडोजची ओळ इतकी वर्षं त्याच्यामुळे आपोआप येत होती. २०२१ साली ग्रबची २.०६ आवृत्ती आली आणि तिच्यात हे शोधकाम मुळातच बंद ठेवलं गेलं. ग्रबच्या माहितीपत्रकात कारण सुरक्षेचं दिलंय: न विचारता पार्टिशनं चाळायची आणि तिथे सापडेल त्यावरून बूट मेनू बनवायचा, हा हल्ल्याचा मार्ग होऊ शकतो. २०२३ च्या जूनमध्ये आलेल्या डेबियन १२ च्या टिपणांत आणखी एक अडचण सांगितलीय, ती व्हर्च्युअल मशीन, म्हणजे कॉम्प्युटरच्या आतला आभासी कॉम्प्युटर, चालू असलेल्या कॉम्प्युटरची. मला निर्णय पटतो. फक्त घरच्या मशीनवर एक ओळ कमी झाली की समोरच्याला आपली सिस्टिमच पुसली गेली असं वाटतं.

उपाय सोपा होता. ईटीसी फोल्डरात डिफॉल्ट, त्यात ग्रब नावाची फाइल. तिच्यात ग्रब_डिसेबल_ओएस_प्रोबर ही सेटिंग इंग्रजी कॅपिटल अक्षरांत लिहून बरोबरच्या चिन्हापुढे फॉल्स घालायचं. नव्या फाइलमध्ये ही ओळ पुढे हॅश लावून ठेवलेली असते, हॅश काढला की झालं. माझ्या फाइलमध्ये ओळच नव्हती. मेनू पंधरा सेकंद थांबावा म्हणून मी ती फाइल पूर्वी बदलली होती, आणि अपग्रेडने विचारलं तेव्हा माझीच प्रत ठेवली होती. तुमच्याकडेही तसं असेल तर ओळ स्वतः लिहावी लागते. पुन्हा अपडेट-ग्रब चालवलं, आणि या वेळी विंडोज बूट मॅनेजर सापडल्याची ओळ आली. ती आली नाही तर ओएस-प्रोबरचं पॅकेज आहे का ते पाहावं.

हे मी पुण्याला इंजिनिअरिंगला असलेल्या भाच्याला सांगितलं तर तो म्हणाला, "आत्या, तुझा निदान मेनू तरी येतो. माझं डायरेक्ट विंडोजच उघडतं."

त्याचं दुखणं वेगळं होतं. ग्रबची यादी शाबूत होती, पण फर्मवेअर ग्रबपर्यंत पोहोचतच नव्हतं. विंडोजच्या एका मोठ्या अपडेटनंतर बूटचा क्रम बदलून विंडोज वर गेलं होतं. त्यात कुणीतरी त्याला लेगसी मोड, म्हणजे फर्मवेअरची जुनी पद्धत, करून बघ म्हणून सांगितलेलं. ते त्याने केलं नाही हे नशीब, कारण यूईएफआयमध्ये टाकलेलं विंडोज लेगसी मोडमध्ये सुरूच होत नाही आणि मग दोन्हीकडून हात रिकामे. त्याच्या लॅपटॉपला बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप, असल्यामुळे मी त्याला फर्मवेअरला हात लावायच्या आधी मायक्रोसॉफ्ट खात्यातून अठ्ठेचाळीस आकडी रिकव्हरी की कागदावर लिहून घ्यायला लावली. बूटच्या सेटिंग बदलल्या की बिटलॉकर ती मागू शकतो. "एवढं कशाला?" म्हणत त्याने लिहून घेतली. मग फर्मवेअरच्या क्रमात डेबियन वर आणलं आणि मेनू परत आला. लिनक्समधून हेच ईएफआयबूटएमजीआर या आज्ञेने होतं, क्रम दाखवतही तीच आणि बदलतेही तीच.

माझ्या मशीनवर मात्र मी पुढे ओएस-प्रोबर पुन्हा बंद केला. विंडोजचा लोडर काही जागा बदलत नाही, मग लिनक्सच्या गाभ्याच्या, म्हणजे कर्नलच्या, प्रत्येक अपडेटला सगळी डिस्क चाळायची कशाला? ईटीसीमधल्या ग्रब.डी फोल्डरात ४०_कस्टम नावाची फाइल अशाच हाताने लिहायच्या नोंदींसाठी असते. तिथे मेनूएन्ट्री लिहिली: आधी जीपीटी, फॅट आणि चेन ही मॉड्यूल, मग सर्चच्या ओळीत ईएफआय पार्टिशनचा आठ अक्षरी यूयूआयडी म्हणजे ओळखक्रमांक, तो एलएसबीएलके -एफ मध्येच दिसतो, आणि शेवटी दुसरा लोडर सुरू करणाऱ्या चेनलोडर आज्ञेपुढे त्या बूटएमजीएफडब्ल्यू फाइलचा पत्ता. नाव आपल्या मनाचं देता येतं. मी पेजमेकर दिलंय, कारण मी तिकडे जाते ती त्याच्यासाठीच.

अंकांच्या दिवसांत मशीन सतत विंडोजमध्येच लागतं, आणि दर वेळी बाण खाली नेण्याचा कंटाळा येतो. म्हणून डिफॉल्ट फोल्डरातल्या त्या ग्रब नावाच्या फाइलमध्ये ग्रब_डिफॉल्ट ला सेव्ह्ड आणि ग्रब_सेव्हडिफॉल्ट ला ट्रू केलंय, की मागच्या वेळी निवडलेलंच पुढच्या वेळी उघडतं. यात एक खोच आहे. हाताने लिहिलेल्या नोंदीला हे आपोआप लागू होत नाही, तिच्या आत सेव्हडिफॉल्ट अशी ओळ आपणच घालावी लागते. ती घातली, अपडेट-ग्रब चालवलं, आणि आता अंक छापायला जाईपर्यंत मशीन चालू केलं की सरळ पेजमेकरकडे जातं.